तिघींचं भाडं

मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे स्लाइडवर दिसत नाही ते नाहीच, एवढी साधी माझी समज. कुणी सावली दिसली वगैरे सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठायचे... त्यामुळे हे ग्रुपवर लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय.

मागच्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे, मीनलकडे, इंग्लंडमध्ये वॉटफर्डला गेले होते. आईला जाऊन चौदा महिने झाले होते. खरं सांगते — शेवटची सहा वर्षं आईचं सगळं मी केलं. डायपर, औषधं, जागरणं. मीनल दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची, पंधरा मिनिटं. पण त्या पंधरा मिनिटांसाठी आई सकाळपासून केस विंचरून बसायची! माझ्यासाठी कधी बसली नाही. ते अजून खुपतं.

मीनलनं मला ट्रेननं वेल्सला नेलं. एवढंसं स्टेशन. तिथून तळ्यावर जाणारी बस रद्द झालेली, ॲपवर एकही गाडी दिसेना. बाहेर एकच टॅक्सी होती. ड्रायव्हर तिथलाच, साठीचा. जाऊन-येऊन, वर दोन तास थांबायचे धरून सत्तर पौंड म्हणाला.

"पन्नास," मी म्हणाले.

"ताई, अगं इथे घासाघीस नाही करत," मीनल कानाशी कुजबुजली.

"विचारायला काय जातंय?"

तो हसला. घाटाचा रस्ता, डिझेल, दोन तास नुसतं उभं राहणं — सगळं शांतपणे समजावून सांगितलं त्यानं. त्याचंही बरोबर होतं. साठावर ठरलं. "सिक्स्टी, फॉर द थ्री ऑफ यू," म्हणाला. त्याच्या उच्चारामुळे मीच चुकीचं ऐकलं असं वाटलं.

मला गाडी लागते म्हणून मी पुढे बसले, मीनल मागे. त्यानं मागचं दुसरं दार उघडलं, जरा वेळ धरून ठेवलं, मग हलकेच लावलं. बॅग ठेवली असेल, म्हटलं. पाच मिनिटांत मीनलला झोप लागली.

वर पोचल्यावर ती फोटो काढायला तळ्याकडे गेली. मी दार लावत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "तुमच्या आईंना वळणांचा फार त्रास नाही ना झाला? काच त्यांनी दाखवली तेवढीच उघडली मी." आणि त्यानं दोन बोटं आडवी धरून दाखवली.

आई गाडीत बोलायची नाही. तोंडाला पदर लावून नुसती दोन बोटं आडवी धरायची — काच एवढीच खाली कर. ही सवय तिला आजारपणात लागली. मीनलनं ती कधी पाहिलेली नाही. दवाखान्यात नेणारी मीच!

"कुठे... कुठे बसली होती?"

"बहिणीशेजारी. सगळी वाट तिला थोपटत होत्या."

घाबरायला हवं होतं ना? मला आधी राग आला. सहा वर्षं मी केलं, आणि एवढ्या लांब येऊन थोपटलं कुणाला, तर हिला! दोन तास मी मीनलशी धड बोलले नाही.

निघताना म्हणाले, "मी मागे बसते."

"अगं, गाडी लागेल तुला."

"लागू दे."

मीनल पुढे बसली. मी शेजारी जागा सोडून दाराला चिकटून बसले. ड्रायव्हरनं दुसरं दार उघडून धरलं होतं. तो तळ्याकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "युअर मम?"

मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्यानं दार लावलं. खाली पोचेपर्यंत मी त्या रिकाम्या सीटवर हात ठेवून बसले होते. गार होती.

स्टेशनवर साठ पौंड दिले, तर त्यातले दहा त्यानं परत केले. "ठरलं होतं तिघींचं. येताना दोघीच आलात." मी आग्रह केला, त्यानं घेतले नाहीत.

"बघ, किती प्रामाणिक माणसं असतात!" मीनल म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं. मग ट्रेनमध्ये म्हणाली, "ताई, जाताना काय झोप लागली गं मला! आई गेल्यापासून अशी लागलीच नव्हती."

मी ते परत आलेले दहा पौंड घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले.

खूप विचार केला. त्यानं आमचं बोलणं ऐकलं असेल? पण त्याला मराठी कुठलं समजणार, आणि त्या दोन बोटांचं काय? मीनल हा ग्रुप वाचत नाही. तिला सांगितलं तर तिचा जीव किती निवेल, हे मला माहीत आहे... म्हणूनच सांगवत नाही.