स्प्रिंगला थंडी लागली

आमच्या घराला दार नव्हतं, शटर होतं. कोलकात्यात, डमडमच्या एका गल्लीत घरमालकानं गाडीसाठी गॅरेज बांधलं, गाडी काही घेतली नाही, आणि ती जागा आम्हाला भाड्यानं दिली. बाबा बराकपूरच्या छावणीत आचारी होते. ते काम सुटलं तेव्हा साताऱ्याकडे परत जावं असं तिथं काही उरलं नव्हतं. मग आईनं पोळ्या लाटायला घेतल्या आणि बाबांनी डबे पोचवायला. एस्प्लनेडच्या ऑफिसांत बदली होऊन आलेले मराठी साहेब होते. आईच्या पातळ वरणाचंही ते तोंड भरून कौतुक करत. आम्ही कुठं राहतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. पोळी वातड झाली की मात्र फोन यायचा.

तर गाडीच्या जागेत आम्ही तिघं, गॅस, डबे आणि माझी पुस्तकं. सकाळी शटर वर गेलं की आमचा दिवस सुरू. नाही गेलं, की मिस्त्री.

मिस्त्री आला की सायकल भिंतीला टेकवायचा, माकडटोपी एका कानावरून दोन बोटं वर सरकवायचा आणि तो कान शटरला लावायचा. बाबांनी एकदा शटर हलवून दाखवलं, काही अडचण सांगितली, पण तो शटरचंच ऐकत होता. मग कान पुन्हा नीट झाकून निदान सांगायचा. निदान एकच असायचं.

"ठांडा लेगे गेछे." थंडी लागली आहे.

तुम्ही कोलकात्यात एखादा हिवाळा काढला असेल तर ही थंडी तुम्हाला माहीत असेल. आमच्या गावी जिला थंडी म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती, ती. दिवाळीतली कालीपूजा झाली की मिस्त्रीच्या डोक्यावर तपकिरी माकडटोपी चढायची ती सरस्वतीपूजा झाल्यावरच उतरायची. त्यावर मफलर. त्याचे दोन्ही कान एका वेळी पाहिलेला माणूस गल्लीत नव्हता. सायकलची चेन पडली, ठांडा लेगे गेछे. मोबाईलला रेंज नाही, ठांडा लेगे गेछे. घरमालकाची सून माहेरून परत येत नव्हती, तेव्हाही त्यानं हेच कारण सुचवलं होतं.

शटरच्या वर आडवा पाइप असतो. त्यात पोलादाची पट्टी घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. शटरचं ओझं ती उचलते, आपण नुसता हात लावतो. पट्टीच्या टोकाला वाकवलेला आकडा असतो. तो तुटला की सगळं ओझं आपल्या खांद्यावर. मिस्त्री पट्टी काढायचा, तिचं टोक स्वतःच्या कोळशाच्या शेगडीत लाल करायचा, नवा आकडा वाकवायचा आणि मग तो राखेत पुरून ठेवायचा. चांगले तीन-चार तास. वर गोणपाट पांघरायचा. तान्ह्या बाळाचंही कुणी एवढं करत नसेल.

मी घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिलीच, त्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. मला हे बघवायचं नाही. मी म्हणायची, काका, लोखंडाला काय थंडी वाजते? तो मला मामोनी, म्हणजे पोरी, म्हणायचा. गंभीरपणे सांगायचा, "लोहा भी मानुष का माफिक है, मामोनी. गरम से सीधा ठंडे में जाएगा तो बीमार होगा." मी कॉलेजात मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवायची. खूप हसायच्या. माकडटोपी सरकवायचं मला फार छान जमायचं.

शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यात माझा एकच जुना पेपर उरला होता. धातूंचा. तो दुसऱ्या वर्षापासून अडकून बसला होता. तो पुन्हा गेला असता तर पदवी वर्षभर लांबली असती, आणि बाबांचे दुखरे गुडघे आणखी वर्षभर मेट्रोच्या जिन्यांवर. नेमका पेपरच्या आदल्या दिवशी आकडा तुटला. मिस्त्रीनं दुपारी आकडा वाकवला, राखेत पुरला आणि चहाला गेला. शटर उघडं, गल्लीतली वर्दळ थेट माझ्या पुस्तकात, आणि हा माणूस लोखंडाला झोपवून गेलेला. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की लाल पोलाद पाण्यात बुडवलं की ते कठीण होतं. मी चिमट्यानं आकडा बाहेर काढला, अजून लालसर होता, आणि बाहेरच्या बादलीत बुडवला. चुर्र. मग पुन्हा राखेत ठेवून गोणपाट पांघरलं.

मिस्त्री आला, हात लावून बघितला आणि चकित झाला. इतक्या लवकर गार कसा?

मी म्हटलं, "थंडी किती आहे, काका."

हे त्याला शंभर टक्के पटलं. उलट आनंदच झाला. अखेर मला अक्कल आली होती. त्यानं पट्टी बसवली, शटर खाली घेतलं आणि गेला.

सकाळी सात वाजता बाबांनी शटरला हात घातला. वर कड्कन आवाज झाला. शटर वीतभर उचललं गेलं, तिरकं झालं आणि खाचेत असं अडकलं की ना वर ना खाली. आत आम्ही तिघं, भरलेले डबे आणि माझं हॉल तिकीट. कठीण पोलाद ठिसूळही असतं, ते पुन्हा हलकं तापवावं लागतं, हे पुढच्या पानावर होतं. ते मी रात्री वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं.

बाबांनी फोन केला. मिस्त्री शेजारच्या टॅक्सीचा जॅक घेऊन आला. त्या गॅरेजमध्ये गाडीची म्हणून आलेली ती पहिली वस्तू. जॅक लावून त्यानं शटर हात-दीड हात उचललं, जमिनीवर स्वतःचा मफलर अंथरला, आणि मी त्यावरून पोटावर सरपटत बाहेर आले.

उभी राहिले तेव्हा तो स्टुलावर चढून वरचा आकडा काढत होता. तुटलेली कड त्यानं उजेडात धरली. ती साखरेसारखी चमकत होती. मग त्यानं बादलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आतून बाबा ओरडत होते, त्यांचे नुसते पाय दिसत होते. काल बसवलंस आणि आज तुटलं, तू मिस्त्री आहेस की कोण, बोल काय झालं.

त्यानं टोपी एका कानावरून सरकवली आणि परत खाली ओढली.

"ठांडा लेगे गेछे, दादा." मग मला म्हणाला, "जाओ, मामोनी. देरी होगा."

मी गेले.

संध्याकाळी परतले तोवर दुसऱ्या माणसानं नवी स्प्रिंग बसवली होती. बाबांनी मिस्त्रीला पुन्हा बोलावलं नाही. एस्प्लनेडला डबा देता देता त्याची गोष्ट मात्र रंगवून सांगू लागले. साहेब पोट धरून हसायचे. गल्लीनंही हळूहळू दुसरा मिस्त्री धरला. घरी हा विषय निघाला की नक्कल करायला बाबा मलाच सांगायचे, आणि मी करायची. दोन वर्षं केली.

नोकरी लागल्यावर एका डिसेंबरात मी त्याला शोधायला डमडम स्टेशनजवळ गेले. तो बसायचा तिथं सायकल नव्हती. चहावाला म्हणाला, काम उरलं नाही म्हणून मुलीकडे गेला, सिलिगुडीला. तिथं खरी थंडी असते.

त्या रात्री जेवताना मी बादलीचं सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"मग त्यानं तेव्हाच सांगितलं का नाही?"

आई पोळी उलटत होती. वर न बघता म्हणाली, "तिचा पेपर होता ना."

त्या पेपरात मी पास झाले. मी इंजिनिअर झाले. बराकपूरला आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि त्याला दार आहे.