ओढून पाहिलेलं कुलूप

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. मोजमाप केल्याशिवाय विधान करायची मला सवय नाही, तरी हे विधान मी बेधडक करतो. कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. आमचे साडू कुलूप ओढतात, जिना उतरतात, गाडीला किल्ली लावतात आणि "आलोच" म्हणून पुन्हा वर जाऊन ओढतात. त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी मेहुणी, तोवर खाली पर्स छातीशी धरून उभी असते. तिने त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं. मी मात्र एकदा विचारलं, "साडूभाऊ, इतकी वर्षं ओढताय, एकदा तरी उघडं सापडलं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? ओढतो म्हणूनच नाही सापडत."

"तर्कात चूक आहे तुमच्या," मी म्हणालो. ती नेमकी कुठे आहे, हे मात्र मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

घरच्या वायफायचा पासवर्ड ते इतक्या वेळा बदलत, की मेहुणीला मालिकेचा शेवट नेहमी आमच्या घरी येऊन बघावा लागे. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे ते सुटे पैसे घेऊन जात, कारण तिथे चिकटवलेला क्यूआर कोडचा चौकोन वडापाववाल्याचाच आहे याची खात्री काय? कळस झाला तो गॅसच्या दिवशी. सिलिंडर आणणाऱ्याला मोबाईलवर आलेला आकडा सांगावा लागतो. साडूंनी साफ नकार दिला. आकडा कुणाला सांगायचा नसतो. तो बिचारा म्हणाला, "काका, मी कुणी चोर नाय, गॅसवाला हाय." साडू म्हणाले, "कशावरून?" खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणारा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही. सिलिंडर परत गेला, आणि नवा येईपर्यंत पोळ्या आमच्याकडून गेल्या.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशीच मिळाली होती. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत ते संगणकाचं काम बघत. तिथे वजनकाट्याचं सॉफ्टवेअर वेगळं, शीतगृहाचं वेगळं, बंदराच्या कागदपत्रांचं वेगळं आणि बँकेचं आणखी वेगळं. यांना एकमेकांची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. ते इकडचा निरोप तिकडे पोचवतं. लग्नातल्या मध्यस्थासारखं. मध्यस्थाला कुणी आहेर करत नाही. बोलणी फिसकटली की मात्र सगळ्यांना पहिला तोच आठवतो. त्या मध्यस्थाची राखण आमच्या साडूंकडे होती, आणि ते ती कुलपासारखीच करत.

आमचे सासरे मनमाडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे जमलो होतो. ऐन द्राक्षांचे दिवस. पंगत बसली, श्रीखंड वाढून झालं आणि साडूंचा फोन थरथरला. त्यांनी वाचलं आणि ते भरल्या ताटावरून उठले. जावई ताटावरून उठतो म्हणजे काय! सासूबाईंच्या हातातली पुरी हवेतच राहिली. "काही चुकलं का हो आमचं?"

"नाही आई. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फट सापडलीय."

मी मागोमाग गच्चीवर गेलो. साडू पाण्याच्या टाकीला टेकून लॅपटॉप उघडून बसले होते आणि फोनवर त्यांच्या मॅनेजरसाहेबांचा आवाज मोठ्याने चालू होता. त्या मध्यस्थ सॉफ्टवेअरमध्ये असा दोष निघाला होता, की पासवर्डशिवाय जगातल्या कुणालाही आत शिरता यावं. दुरुस्ती आली होती, पण ती बसवायची तर सगळं बंद ठेवावं लागणार होतं.

"अहो, सीझन चालू आहे!" साहेब म्हणत होते. "पिंपळगावला कंटेनर भरून उभे आहेत. कागद निघाले नाहीत तर बोट चुकेल. शनिवारी करू ना. शनिवारी लोड कमी असतो."

"साहेब, दार उघडं असल्याची दवंडी जगभर पिटून झालीय. चोर शनिवारपर्यंत थांबेल?"

"आपल्या द्राक्षांत कुणाला इंटरेस्ट आहे हो?"

"द्राक्षांत नाही. शेतकऱ्यांची बँकखाती आत आहेत. त्यांचे पैसे याच वाटेने जातात."

"हे बघा, बंद केलंत तर जबाबदारी तुमची."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जरा थांबा, विचार करा." ते म्हणाले, "तोच करतोय." मग फोनकडे वळून, "हो साहेब, माझी," म्हणाले आणि त्यांनी ते सॉफ्टवेअर बंद केलं.

दिवेलागणीला सगळं पुन्हा सुरू झालं. कुणी आत शिरल्याची एकही खूण सापडली नव्हती. इतकं प्रसन्न मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं होतं. कोमट श्रीखंड साडूंनी बोटाने पुसून खाल्लं.

पण एका कंटेनरची बोट चुकली. परदेशी जायचा माल पडेल भावाने इथेच विकावा लागला. मीटिंगमध्ये साहेबांनी नुकसान दाखवलं आणि विचारलं, "आणि वाचलं काय?" साडू म्हणाले, "काही झालं नाही, हेच वाचलं." लोक हसले. नोकरी गेली नाही; गेली असती तर निदान भांडता आलं असतं. त्यांचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं आणि त्यांच्याकडे हजेरीचं यंत्र आणि प्रिंटरची शाई आली. हे अण्णांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "जावईबापू, गाडी थांबवणाऱ्याला शिव्याच मिळतात. ती ज्याला धडकली नाही, तो काही आभार मानायला येत नाही."

तेव्हापासून साडू निवळले. वायफायचा पासवर्ड बदललेला नाही. गॅसवाल्याला आकडा ते खिडकीतूनच ओरडून सांगतात. मेहुणीला सुरुवातीला बरं वाटलं असावं. परवा मात्र आमच्याकडे येऊन म्हणाली, "भाऊजी, मालिका आता घरीच दिसते हो. पण बघवत नाही."

गेल्या आठवड्यात पैठणी घ्यायला येवल्याला जायचं होतं. मी त्यांच्याकडे गेलो. साडूंनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सरळ जिना उतरून गाडीत बसले. मेहुणी पर्स छातीशी धरून खालीच उभी राहिली, सवयीने. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आलोच," म्हणून मी वर गेलो आणि कुलूप ओढून पाहिलं. मग खाली येऊन गाडीत बसलो.

साडूंनी आरशातून विचारलं, "लागलेलं होतं ना?"

"होतं."

"मग कशाला गेलात?"

"ओढलं म्हणूनच लागलेलं होतं," मी म्हणालो.

ते हसतील असं मला वाटलं होतं. "तर्कात चूक आहे तुमच्या," असं हळूच म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.