गुडघेदुखीपर्यंत पाणी

सोसायटीच्या फळ्यावर ‘शुक्रवारी दिवसभर पाणी येणार नाही’ असं लिहिलेलं दिसलं, की आमच्या इमारतीतली माणसं कपाळाला आठ्या घालतात. मी मात्र त्या फळ्यासमोर उभी राहून चक्क हसले. शेजारच्या काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

हसण्याला कारण होतं. माझ्याकडे एक कयाक आहे. एका माणसापुरती निमुळती प्लास्टिकची होडी, खळाळत्या पाण्यातून वल्हवत न्यायची. पन्नाशीच्या बाईने कोलाडच्या शिबिरात जाऊन हे शिकावं आणि वर होडीही विकत घ्यावी, हे घरात कुणाला पटलं नव्हतं. त्यात ती होडी अजून एकदाही धड तरंगली नव्हती. उन्हाळ्यात न्यावी तर नदीत नुसते दगड. पावसाळ्यात नेली तर नदीचं ते रूप बघून मी लांबूनच नमस्कार केला आणि परत फिरले. उरलेला सगळा काळ कयाक आमच्या डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये आडवी पडून होती आणि सासूबाई रोज सकाळी तिला ठेचकाळत होत्या.

शेवटी त्यांनी निकाल दिला. “वैशाली, या शुक्रवारी तुझं होडकं तरंगलं तर राहील. नाहीतर रविवारी ते टेंभी नाक्याचे गृहस्थ येऊन घेऊन जातील.”

हे गृहस्थ माझ्याबरोबर शिबिरात होते आणि तेव्हापासून माझ्या कयाकवर डोळा ठेवून होते. नवऱ्याने आईच्या निकालावर लगेच मान डोलावली.

माझा हिशेब मात्र पक्का होता. आमच्या नळाचं पाणी धरणातून आधी बारवी नदीत सोडतात. ते वाहत खाली येतं, तिथे पंपांनी उचलतात, शुद्ध करतात आणि मग डोंबिवलीला देतात. शुक्रवारी दुरुस्तीसाठी पंप बंद. पंप बंद म्हणजे पाणी उचलणार कोण? सगळं नदीत माझ्यासाठी शिल्लक! बरेच दिवस इतकं सरळ गणित मला सुचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी गाडीच्या टपावर कयाक बांधत होते, तेवढ्यात सासूबाई दोन भल्या मोठ्या पिशव्या घेऊन खाली उतरल्या.

“आई, तुम्ही?”

“घरात थेंब नाही. इथे बसून काय करू? आणि तू तरंगलीस की नाही, हे बघायला कुणीतरी नको?” त्या पुढच्या सीटवर बसल्या. पिशव्यांत आठवड्याचे कपडे आणि धुण्याचा साबण होता. नवरा सोसायटीचा सेक्रेटरी, तो टँकरवाल्याशी फोनवर भांडत होता. त्याने नुसता हात हलवला.

सिग्नलला हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. टपाकडे बघून म्हणाला, “मॅडम, बोट? पूर कुठे आलाय?”

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी काच खाली केली. “अजून नाही आलेला. आम्ही बघायला चाललोय.”

हवालदाराने आम्हाला ताबडतोब जाऊ दिलं.

बदलापूर मागे पडलं, इमारती विरळ झाल्या, रस्त्याच्या कडेला करवंदांचे वाटे घेऊन बायका बसलेल्या दिसू लागल्या. आम्ही एक वाटा घेतला आणि सासूबाईंनी तो जवळजवळ एकटीने संपवला.

नदीवर एक जुना पूल आहे. पाणी किती आहे हे सांगणारी सरकारी पट्टी तिथे कुठे नाही, पण पुलाच्या खांबावर कुणा वैद्याने जाहिरात रंगवली आहे. वर ‘खात्रीशीर इलाज’, त्याखाली दमा, त्याखाली गुडघेदुखी आणि सर्वांत खाली मूळव्याध. मी पाणी मोजते ते यावरच. मूळव्याध बुडाली तर होडी दगडांना घासत जाते. गुडघेदुखी बुडाली तर उत्तम. दमाही बुडालेला दिसला तर गाडी वळवून घरी जायचं.

त्या दिवशी दमा, गुडघेदुखी, मूळव्याध तिन्ही ठणठणीत कोरडे होते. खांबाचा पायासुद्धा दिसत होता.

“हे तुझं पाणी?” सासूबाईंनी विचारलं.

पुलाखाली एक बाई गोधड्यांचा ढीग घेऊन बसली होती. हिराबाई, शेजारच्याच पाड्यावरची. “तुमी कुठनं आलाव?”

“डोंबिवलीवरनं.”

“कपडे धवाला? डोंबिवलीवरनं?” मग तिची नजर टपाकडे गेली. “आनि यो काय?”

“ते हिचं आहे. विचारू नका,” सासूबाई म्हणाल्या. “आज पाणी का नाही हो?”

“काय म्हाईत! काल धवापुरता तरी चाललेला. मी पन सकालपासना बसलेय.”

मी एका दगडावर बसले आणि माझं सरळ गणित पुन्हा मांडून पाहिलं. पाणी उचलणारच नसतील, तर धरणवाले सोडतील कशाला? पंप बंद म्हणून दरवाजाही बंद! म्हणजे डोंबिवलीचे नळ कोरडे, तर माझी नदीही कोरडी. स्वतःचाच इतका राग आला की कयाक त्याच क्षणी हिराबाईला देऊन टाकावीशी वाटली. तिने त्यात निदान कोंबड्या तरी पाळल्या असत्या.

सासूबाई मात्र स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. नदीच्या कोंडीत (पात्रातल्या खोल डोहात) थोडं पाणी साचून होतं. दोघींनी तिथेच कपडे आणि गोधड्या धुवायला घेतल्या, आणि मलाही पिळायला बसवलं. धुतलेले कपडे पात्रातल्याच तापलेल्या खडकांवर पसरले. सासूबाईंची लाडकी हिरवी इरकली पात्राच्या अगदी मधल्या, मोठ्या खडकावर. मग हिराबाईने फडक्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली, आम्ही मेथीचे ठेपले काढले. चटणी इतकी तिखट होती की माझं दुःख काही काळ मला आठवलंच नाही.

“चल, निघू,” सासूबाई म्हणाल्या. “रविवारी येतील ते.”

“थांबा आई! रात्री नळाला पाणी येणार ना? मग पंप संध्याकाळी सुरू होणार. म्हणजे त्याआधी धरणातून दिवसभराचं अडवलेलं पाणी एकदम सोडावंच लागेल!”

“सकाळी पण तुझं गणित असंच पक्कं होतं.”

तेवढ्यात लांबून धरणाचा भोंगा वाजला.

मग जी धावपळ झाली! तिघी खडकाखडकांवरून कपडे गोळा करत सुटलो. शर्ट, गोधड्या, नवऱ्याच्या पँटी. काठावर येऊन दम खातोय तर पाणी आलंच. आधी दगडांच्या फटींतून, मग दगडांवरून. मूळव्याध बुडाली. बघता बघता गुडघेदुखी बुडाली आणि पाणी तिथेच स्थिरावलं. मी टपावरून कयाक उतरवून काठाशी आणली आणि हरखून बघत होते, तोच सासूबाई किंचाळल्या, “वैशाली, माझी साडी!”

मधल्या खडकावरून इरकली उठली आणि प्रवाहाला लागली.

मी हेल्मेट चढवलं, जॅकेट आवळलं, कयाकमध्ये बसले आणि स्वतःला लोटून दिलं. पहिल्याच खळाळात होडी आडवी झाली. नाकातोंडात पाणी गेलं. वल्हं मारून सरळ केली, तर पुढे त्याहून मोठा खळाळ. मी ओरडत होते. काठावरच्यांना वाटलं असेल भीतीने, पण खरं सांगते, इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. साडी पुढे आणि मी मागे, अशा आम्ही वळणापर्यंत गेलो. तिथे ती पाण्यात लोंबणाऱ्या करंजाच्या फांदीला अडकली. मी ती ओढून मांडीवर घेतली आणि कडेला लागले.

खांद्यावर कयाक आणि गळ्यात ओली इरकली घेऊन काठाने परत येत होते, तर समोरून सासूबाई अनवाणी धावत येत होत्या. मागे हिराबाई.

“लागलं का कुठे?” त्यांनी माझे दोन्ही दंड धरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग साडी घेतली. “काठ फाटलाय.”

“आई, पण तरंगली!”

त्या साडी पिळू लागल्या. हिराबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “म्हातारी रडत व्हती गो. साडीसाठी नाय.”

येताना बदलापुरात वडापाव खाल्ला, तेव्हा त्यांनी माझ्या प्लेटमध्ये आणखी एक ठेवला. घरी पोचलो तर नळाला पाणी आलेलं, नवरा बादल्या भरत होता. त्या धारेकडे बघताना वाटलं, मी लांबचा प्रवास म्हणून जिथे गेले होते, तिथूनच रोज हे पाणी आमच्या मोरीत येतं आणि आपण नुसती तोटी फिरवतो.

रविवारी सकाळी फोन वाजला. टेंभी नाक्याचे गृहस्थ टेम्पो ठरवून तयार होते. मी उठेपर्यंत सासूबाईंनी फोन घेतला होता.

“नाही हो, नाही देता येणार,” त्या म्हणाल्या. “घरात वापरात आहे.”