मार्तंड तळ्यातून बाहेर कसा आला?

दत्तप्रसाद कुंटे मला प्रथम दिसले ते कमरेपासून खाली. वरचे कुंटे रद्दीच्या डोंगरात गडप झालेले होते. शनिवार पेठेत हमीदभाईंच्या रद्दीच्या दुकानात मी चार महिन्यांची वर्तमानपत्रं घेऊन उभा होतो आणि समोर दोन पाय हवेत पोहत होते. डोंगर छताला लागलेला, आतून गुदमरलेला आवाज येतोय, आणि हमीदभाई शांतपणे चहा ओततायत. मला वाटलं, जगबुडी आली आहे आणि या माणसाने सगळ्यांच्या आधी बुडी मारली आहे. मी धावत जाऊन पाय धरले आणि ओढले. डोंगर माझ्यावर कोसळला. धूळ बसली तेव्हा एक टकलावर जाळी चिकटलेला गृहस्थ माझ्या छातीवर बसून विचारत होता, "आपल्याकडे एकोणऐंशी सालचं काही आहे का?"

"माझी मुंज," मी म्हणालो.

तेव्हापासून आमची मैत्री आहे.

कुंट्यांचं प्रकरण असं. त्यांच्या लहानपणी पुण्यात एक दैनिक निघायचं. ते आता बंद पडलंय, त्याच्या कचेरीच्या जागी साड्यांचं दुकान झालंय. त्या दैनिकात शेवटच्या पानावर रोज तीन चौकटींची चित्रकथा यायची, 'ग्रहवीर मार्तंड'. मार्तंडचं यान हुबेहूब रॉकेलच्या स्टोव्हसारखं दिसायचं. शनीच्या सम्राटाच्या मिशा पानपट्टीवाल्यासारख्या होत्या, आणि सगळ्या ग्रहांवरचे सगळे राक्षस शुद्ध, सानुनासिक मराठी बोलायचे. कुंट्यांनी या चित्रकथेचे एकूण एक भाग जमवले होते. कापून, पारदर्शक पाकिटांत घालून, कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या कपाटात लावलेले. त्या कपाटात पूर्वी शालूवहिनींच्या साड्या होत्या. साड्या आता बेडखाली राहतात.

एकूण एक म्हणजे, एक सोडून.

एकोणऐंशी सालच्या भाद्रपदात शनीच्या सम्राटाने मार्तंडला साखळदंडांनी बांधून उकळत्या तेजाबाच्या तळ्यावर टांगलं होतं. दोर तुटला. मार्तंड पडला. 'पुढील भाग उद्या.' दुसऱ्या दिवशी शाळेतून घरी आल्यावर पाचवीतल्या कुंट्यांना तो अंकच मिळाला नाही. कुठे गेला ते कोणी सांगेना. आणि तिसऱ्या दिवशीच्या भागात मार्तंड यानात बसून चहा पीत होता!

"सांगा, तो बाहेर कसा आला?" हा प्रश्न कुंटे गेली सेहेचाळीस वर्षं लोकांना विचारतायत. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी तो शालूवहिनींनाही विचारला होता. वहिनी म्हणाल्या होत्या, "बाहेर आला ना? मग झालं तर." तरीही कुंट्यांनी होकार दिला, हे त्यांचं मोठेपण. त्यांचे स्वतःचे तर्क अनेक होते: चुंबकीय पट्टा, गुरुत्वाकर्षण उलटवणारी टोपी, शुक्रावरून आलेली मदत. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, आणि पुरावा कुठल्याही रद्दीत नव्हता. ग्रंथालयातल्या बांधीव फायलीतही नेमका तेवढाच अंक नव्हता.

उलगडा झाला तो तीन वर्षांपूर्वी, वहिनींच्या माहेरच्या माळ्यावर. कुंट्यांकडे गौरी खड्यांच्या. नदीवरून सात खडे आणायचे की झालं, मुखवट्यांची भानगड नाही. वहिनींच्या माहेरी मात्र पितळी मुखवटे. ट्रंक खाली उतरवायला कुंटे शिडीवर चढले, झाकण उघडलं आणि ओरडले. मुखवट्याभोवती चौऱ्याऐंशी सालचं वर्तमानपत्र होतं.

"अहो, पडाल!" वहिनी म्हणाल्या.

"शालू, ज्या दिवशी गौरी जातात त्या दिवशी घरोघरी मुखवटे कशात गुंडाळतात?"

"त्या दिवशीच्या पेपरात. हाताशी असतो तो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"त्यातच. चांगला कागद टाकतं का कोणी?"

कुंटे शिडीवरच बसले. तो हरवलेला अंक गौरीविसर्जनाच्या दिवशीचा होता. म्हणजे त्या दिवशी अख्ख्या पुण्याने तो अंक मुखवट्यांना गुंडाळून माळ्यावर टाकला होता; कुंट्यांच्या घरचाही कुणा शेजारणीने मागून नेला असणार. कुंटे जन्मभर तो रद्दीत शोधत होते, आणि त्याची रद्दी झालीच नव्हती! ग्रंथपालांकडेही गौरी असणार, एवढीच टिप्पणी त्यांनी केली.

मग दरवर्षी गौरी येण्याच्या सुमारास कुंटे ओळखीच्या घरांमधून दर्शनाला हिंडू लागले. लोक गौरींकडे पाहून हात जोडत. कुंटे पाटाखाली पडलेल्या बोळ्यांकडे पाहून. दोन भाद्रपद वाया गेले. यंदा मी त्यांना आणि वहिनींना माझ्या बायकोच्या आत्यांकडे, शनिवार पेठेत वेणूआत्यांकडे नेलं.

आत्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी दार साखळीपुरतं उघडलं.

"दर्शनाला आलात की चौकशीला? गौरी अजून बसायच्यात."

"म्हणूनच आलो," कुंटे म्हणाले.

थोरलीचा मुखवटा पाटावर उघडा होता, आणि शेजारी घडी घातलेला पिवळा कागद. कुंट्यांनी तारीख पाहिली, शेवटच्या पानाचा कोपरा उचलला. मार्तंडचा एक हात दिसला. त्यांनी कागद खाली ठेवला आणि ते भिंतीला टेकले.

"आत्या, हा कागद मला हवाय."

"तो कागद नाही. थोरलीचं पांघरूण आहे."

"मी नवा कोरा आणून देतो."

"नव्याची शाई सुटते. माझ्या थोरलीच्या नाकाला आजवर डाग नाही. तुमच्याकडे गौरी खड्यांच्या ना? मग तुम्हाला नाकाचं काय कळणार?"

पुण्यात एखाद्याच्या गौरी काढणं म्हणजे कुळ काढण्यासारखं. पण कुंट्यांनी गिळलं. शेवटी शालूवहिनी पुढे झाल्या. आपल्या मऊ झालेल्या सुती साडीच्या दोन गोधड्या शिवून देते, म्हणाल्या, एक थोरलीला, एक धाकटीला. आत्यांनी वहिनींचा पदर दोन बोटांत चोळून पाहिला.

"हिला कळतं," त्या मला म्हणाल्या. "विसर्जनाला या. मुखवटे यांनी स्वतः गुंडाळायचे, माझ्यासमोर. जमलं तर कागद न्या. आणि त्यात काय छापलंय ते मी दरवर्षी वाचते. सांगू का?"

कुंट्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले.

विसर्जनापर्यंत त्यांनी आत्यांना सकाळ-संध्याकाळ फोन केले. "आत्या, कागद बरा आहे ना?" "कागद ठणठणीत आहे. माझी चौकशी केलीत तरी चालेल."

विसर्जनाच्या संध्याकाळी थोरली अशी काही गुंडाळली गेली की तान्ह्या बाळाच्या आईने शिकून जावं. आत्यांनी उलटसुलट करून पाहिलं, "हं," म्हणाल्या आणि कागद दिला. कुंट्यांनी तो न उघडता पाकिटात घातला. मी म्हणालो, वाचा की! ते म्हणाले, "इतकी वर्षं थांबून एकट्याने वाचायचं म्हणजे पंगतीचं जेवण मोरीत उभं राहून जेवण्यासारखं आहे."

पंगत बसली ती कर्वेनगरात, त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात. भिंतीभर प्लायवुडचे फळे, त्यांवर मार्तंडचे सगळे भाग ओळीने. लोक येतील का, या काळजीने कुंट्यांनी वीसच खुर्च्या मांडल्या होत्या. लोक जिन्यापर्यंत उभे राहिले. कुणाचे आजोबा आले होते, कुणी नुसतंच शनीच्या सम्राटाची मिशी बघायला, आणि कॉलेजातल्या पोरी 'सो क्यूट' म्हणत स्टोव्हच्या यानाबरोबर फोटो काढत होत्या. हमीदभाई पेढे घेऊन आले. "कुंटेसाहेब, आता माझ्या दुकानात पाय वर करून कोण दिसणार?" ते म्हणाले आणि त्यांनी कुंट्यांना मिठी मारली. पहिल्या रांगेत वेणूआत्या नऊवारीत, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. एकट्या त्यांनाच सगळं ठाऊक होतं.

इतकी वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेवरचा पडदा कुंट्यांनी बाजूला केला. शिट्ट्या झाल्या. टाळ्या थांबेनात. वहिनी डोळे पुसत होत्या, मीही. कुंट्यांनी चष्मा लावला, सभागृह चिडीचूप झालं आणि त्यांनी पहिल्या चौकटीतला मजकूर मोठ्याने वाचला:

"सुदैवाने, तळ्यातले तेजाब आदल्याच दिवशी संपले होते."