समोरच्या गच्चीवरचा अंदाज

मुलुंडला आमच्या समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मे महिन्यात मिरच्या वाळत घालणाऱ्या बाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. पदर खोचून त्या आधी आभाळ बघायच्या, मग मोबाइल, आणि अख्ख्या गल्लीला ओरडून सांगायच्या, "घाला गं, आज पाऊस नाय!"

एकदा मी त्यांना मी वापरते ते हवामानाचं ॲप सुचवलं. "होतं ना माझ्याकडे," त्या कठड्यावरून म्हणाल्या. "तासातासाचं बरोबर सांगायचं. पण पाऊस सांगायला त्याला माझ्या फोनमधल्या माणसांचे नंबर कशाला हवेत? काढून टाकलं." आता त्या साधा सरकारी अंदाज वाचत.

एका दुपारी वळीव कोसळला. त्यांच्या भरवशावर घातलेली सगळ्यांची वर्षाची मिरची भिजली, त्यांचीही.

दुसऱ्या सकाळी कुणी काही बोलायच्या आत त्या गच्चीवर आल्या. "काल माझं चुकलं गं! अंदाजात 'शक्यता' लिहिलेलं, मीच 'नाय' म्हणाले."

माझ्या ॲपने मला कितीदा भिजवलंय, पण असं एकदाही म्हटलेलं नाही.

"आजपण शक्यता आहे," त्या ओरडल्या.

ऊन लख्ख पडलं होतं. तरी अख्ख्या गल्लीने ओली मिरची घरात पंख्याखालीच पसरली.