दोन लाल पट्ट्या

यशोदाबाईंना गेममध्ये ओढलं ते त्यांच्या गुडघ्यानं. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी पिठाची गिरणी चालवली. यजमान गेल्यावरही त्या एकट्या उभ्या राहून दळण काढत होत्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करायला सांगितलं, आणि गिरणी दुसऱ्याला चालवायला दिली. दिवसभर डबे, पिशव्या, माणसं आणि गप्पा यांत राहिलेली बाई एकदम हॉलमधल्या सोफ्यावर पाय लांब करून बसली. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडेनात. शेजारणी दोन दिवस आल्या, तिसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागल्या.

घरात माणसं आणखी दोनच. मुलगा रोहित अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि सून हर्षाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. दोघांना लग्नाच्या आधीपासून एका गेमचा नाद होता. किल्ले, राक्षस, तलवारी, जादू असं सगळं त्यात होतं आणि चौघांची टोळी करून तो खेळायचा. जीवन नावाचा रोहितचा कॉलेजमधला मित्र देवळ्याहून, कानाला हेडफोन लावून खेळायचा. चौथा गडी लग्न होऊन पुण्याला गेला आणि टोळी मोडायला आली.

"आई, तुम्ही बसा ना आमच्यात," हर्षालीच एकदा म्हणाली. "मारामारी करायची नाही. फक्त आम्हाला जगवायचं."

यशोदाबाई हसल्या, पण बसल्या. त्यांच्या वाट्याला पांढऱ्या झग्यातली एक म्हातारी वैद्यीण आली. पडद्याच्या कडेला प्रत्येकाच्या नावापुढे एक लाल पट्टी होती. मार बसला की ती आखडायची, संपली की माणूस संपला. यशोदाबाईंच्या नावाखाली आणखी एक निळी पट्टी होती. कुणाची लाल पट्टी भरायची तर निळी खर्च व्हायची आणि ती पटकन परत येत नसे. निळ्या कुपीतलं औषध प्यायलं तर थोडी यायची, बाकीच्यांनी प्यायलं तर थोडा वेळ वेगानं पळता यायचं, पण कुप्या मोजक्याच मिळत.

हर्षालीनं त्यांना शेजारी बसून शिकवलं. "लाल पट्टी जरा उतरली की लगेच भरू नका. अर्ध्याच्या खाली गेली की मग. आणि रोहितकडे फार बघायचं नाही. त्याच्याकडे ढाल आहे, चिलखत आहे. तो मार खायलाच पुढे उभा आहे."

हे शेवटचं वाक्य यशोदाबाईंना रुचलं नाही. बाकी सगळं त्यांनी झपाट्यानं उचललं. वाटेत कुठली वनस्पती दिसली तर वाकून घ्यायची, कुपी उगाच फोडायची नाही, लहानसहान भुतांवर जीवनला मोठी आग टाकू द्यायची नाही. "जीवन, थांब. हा रोहित तलवारीनं मारील. तू पुढच्यासाठी ठेव," असं त्या सांगायच्या आणि तिकडून जीवन म्हणायचा, "मावशी, तुमच्यापुढं आमचं काय चालतंय!" चौघं एकेक किल्ला घेत चालले. शनिवार-रविवारची दुपार कधी उगवते याची यशोदाबाई वाट बघू लागल्या.

त्यांनी खेळायला घेतलेला प्रकार मात्र कठोर होता. त्यात मेलेला माणूस परत येत नसे. नवा घ्यायचा, तोही कच्चा. त्यामुळे गंमत होती आणि धास्तीही. हर्षालीची धनुर्धारी पोरगी तिनं कॉलेजपासून वाढवलेली होती. तिचं नाव मैना. हर्षालीचे वडील लहानपणी तिला याच नावानं हाक मारायचे.

ही मैना दलदलीतल्या पुलावर मेली.

झालं असं, की पुलाच्या दोन्ही टोकांनी एकदम हल्ला झाला. रोहित पुढच्या टोकाला ढाल धरून उभा होता, हर्षाली मागचं टोक एकटी सांभाळत होती. तिला विषारी बाण लागला आणि तिची पट्टी सुईएवढी उरली. रोहितची पाव उरली होती. यशोदाबाईंकडे निळं फक्त एकदा पुरेल एवढंच होतं.

"आई, मला!" हर्षाली ओरडली.

यशोदाबाईंचं बोट रोहितच्या नावावर पडलं. त्याची पट्टी भरली. हर्षालीची मैना गुडघ्यावर आली, मग आडवी झाली आणि तिच्या नावापुढचा रंग गेला.

"अगं आई!" रोहितनं कन्सोलचा रिमोट खाली ठेवला. "मला काय झालं होतं? माझ्याकडे ढाल होती ना! तुला तिची पट्टी दिसली नाही का?"

"घाईत नाही दिसली," यशोदाबाई म्हणाल्या.

"असू दे रे," हर्षाली उठत म्हणाली. "गेमच तर आहे." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

पण ती पुन्हा खेळायला बसली नाही. घरात भांडण नव्हतं, आवाज नव्हता. यशोदाबाईंच्या गोळ्या वेळेवर हातात येत होत्या, जेवण गरम वाढलं जात होतं, "आई, काही हवंय का?" हे विचारलं जात होतं, आणि त्यापलीकडे एक शब्द येत नव्हता. लॅबमधल्या गमती सांगणं बंद झालं. रोहित दोघींच्या मध्ये ताट घेऊन बसायचा आणि क्रिकेटचं काहीतरी बोलत राहायचा.

यशोदाबाईंना स्वतःशी खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या होत्या. हर्षालीची संपत आलेली पाहिली होती, आणि तरी बोट तिकडं गेलं नव्हतं. ते ठरवून केलं नव्हतं हे खरं, पण न ठरवता केलं हेच त्यांना जास्त टोचत होतं.

एका संध्याकाळी हर्षाली भाजी निवडत होती. यशोदाबाई तिच्यासमोर जाऊन बसल्या.

"हर्षाली, मला दिसली होती गं तुझी पट्टी."

हर्षालीचे हात थांबले नाहीत. "मला माहितीये, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" आता तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "मागच्या वर्षी आम्हाला दोघांना चिकनगुनिया झाला होता. एकाच दिवशी ताप आला. तुम्ही रोहितच्या उशाशी बसून होतात. मी भिंत धरून स्वयंपाकघरात गेले आणि स्वतःचा चहा स्वतः केला. तुम्ही रागानं नाही केलंत, हे तेव्हाही कळत होतं. तुमच्या लक्षातच आलं नाही. पुलावर तेच झालं. म्हणून मी काही बोलले नाही."

यशोदाबाईंना तो चहा आठवतसुद्धा नव्हता. त्या भिंतीचा आधार घेत उठल्या.

त्याच आठवड्यात जीवनचा फोन आला. ज्या शेवटच्या गडाकडे ते इतके महिने सरकत होते, त्याचं दार रविवारी संध्याकाळी बंद होणार होतं. हंगाम संपला की तो गड गेममधूनच जाणार. "वहिनी, तिघांनी नाय होत ते," तो काकुळतीला आला. "नवा माणूस घ्या, पण या. एवढ्या लांब आलोय आपण."

हर्षालीनं बराच वेळ विचार केला. "येते," ती म्हणाली. "पण माझी औषधं मी आणीन. कुणी माझ्यावर काही खर्च करायची गरज नाही."

रविवारी दुपारी जेवणं उरकून तिघं पडद्यासमोर बसले. हर्षालीची नवी धनुर्धारी कच्ची होती, तिची लाल पट्टी बाकीच्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती. गडाच्या दारात एक उंच दगडी जिना होता आणि जिन्याच्या पायथ्याशी पहारा देणारा, हातात ढाल घेतलेला दगडी राक्षस. त्याची चाल मंद, पण घाव असा, की रोहितच्या चिलखतालाही दोन-तीनच सोसावेत. जीवननं आग टाकली की त्याच्या छातीतली भेग उघडायची आणि त्या भेगेत बाण बसला तरच त्याला लागायचं. रोहितनं त्याला खाली अडवायचं, हर्षालीनं जिन्याच्या टोकावरून नेम धरायचा, असं ठरलं.

सुरुवात बरी झाली. आग, बाण, आग, बाण. पण राक्षसाच्या अंगातून निखारे उडत होते आणि एखादा वर येऊन हर्षालीला चाटून जायचा. तिची पट्टी जरा हलली की यशोदाबाई लगेच भरायच्या. पुन्हा हलली, पुन्हा भरली. खाली रोहितची पट्टी अर्ध्याखाली गेली, तरी त्यांचं बोट हर्षालीच्याच नावावर.

"आई, काय करताय?" हर्षालीचा आवाज चढला.

"तुला लागलं ना."

"एवढंसं लागलं! निम्मं निळं संपवलंत तुम्ही माझ्यावर! रोहित पडला तर राक्षस सरळ माझ्याकडे येईल!"

"मागच्या वेळी मी..."

"मागच्या वेळचं आज फेडू नका!" हर्षाली पडद्यावरची नजर न काढता ओरडली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूवर पहिल्यांदाच ओरडली होती. रोहित तोंड उघडून बघत राहिला. "मला लाड नकोत आई! तेव्हाही नको होते. माझी पट्टी फक्त बघा. माझी, त्याची, जीवनची. सगळ्यांची सारखी बघा आणि मग ठरवा!"

यशोदाबाईंचा चेहरा लाल झाला. क्षणभर वाटलं, रिमोट ठेवून उठावं. तेवढ्यात राक्षसाचा घाव रोहितच्या ढालीवर बसला आणि त्यांनी त्याची पट्टी भरली.

"तुझ्या पिशवीत काय आहे, हर्षाली?"

"काय?"

"निळ्या कुप्या किती आहेत? खरं सांग. माझ्याकडे एकही नाही."

हर्षाली घुटमळली. "तीन. वेळ आली तर मला पळता यावं म्हणून ठेवल्या होत्या."

"टाक खाली. पळायचं नाही कुणी."

हर्षालीनं कुप्या जिन्यावर टाकल्या आणि यशोदाबाईंच्या वैद्यिणीनं त्या उचलल्या. त्यानंतर बराच वेळ हॉलमध्ये फक्त त्यांचाच आवाज होता. "रोहित, अजून एक घाव खा, मग देते. जीवन, आता टाकू नकोस, त्याची ढाल वर आहे. हं, आता टाक. हर्षाली, मार." गिरणीत गर्दीच्या वेळी त्या अशाच बोलायच्या, कुणाला चढ्या आवाजात नाही आणि कुणाला गोडही नाही.

राक्षसाची पट्टी उतरत गेली. जीवन म्हणाला, "मावशी, माझ्याकडं एकच आग राहिली." यशोदाबाईंकडेही एकाच वेळचं निळं उरलं होतं. राक्षसाला अजून दोन बाण लागणार होते. आग एकच असल्यामुळे दोन्ही बाण भेग मिटायच्या आत बसायला हवे होते. आणि नेमका त्याच वेळी मोठा निखारा उडाला, हर्षालीच्या अंगाला आग लागली आणि तिची पट्टी भराभर उतरू लागली. खाली रोहितची जेमतेम दिसण्याइतकी होती.

"आई, दे!" रोहित म्हणाला. "आई, मी जातोय!"

यशोदाबाईंनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. रोहितला दिलं तर तो आणखी एक घाव सोसणार, पण हर्षाली जळून जाणार आणि बाण मारायला कुणी उरणार नाही. हर्षालीला दिलं तर रोहित पडणार. राक्षसाला जिना चढून यायला मात्र वेळ लागेल. रोहितनं हा शिपाई किती हौसेनं सजवला होता, ते त्यांना माहीत होतं.

"रोहित, तुला देत नाही," त्या म्हणाल्या. "बाळा, तू पड."

"आई!"

त्यांचं बोट हर्षालीच्या नावावर पडलं. खाली घाव बसला, रोहितचा शिपाई ढालीसकट कोसळला आणि राक्षस पहिल्या पायरीवर चढला.

"जीवन, आता!"

आग सुटली, भेग उघडली. हर्षालीचा पहिला बाण बसला. राक्षस चढतच होता, त्याच्या पावलांनी पडदा हादरत होता. दुसरा बाण तिनं ओढून धरला आणि सोडेना.

"मार ना!" रोहित स्वतःचं दुःख विसरून ओरडला.

"थांब, ढाल आडवी आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "थांब... थांब... हं!"

बाण भेगेत गेला. राक्षस जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर थबकला, मागे झुकला आणि तुकडे होत खाली गडगडला. गडाचं दार उघडलं. तिकडे जीवन इतका जोरात ओरडला, की त्याची बायको काय झालं म्हणून धावत आल्याचं इकडे ऐकू आलं. हर्षालीनं सासूचा हात घट्ट पकडला होता. कधी पकडला ते दोघींनाही कळलं नाही.

दारातून तिघंच आत गेले. रोहित बाजूला बसून बघत राहिला. "अभिनंदन," तो म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. मेलेल्या शिपायाला आत जागा नव्हती. थोड्या वेळानं तो उठून आतल्या खोलीत गेला.

संध्याकाळी हर्षालीनं खिचडी टाकली आणि पापड भाजले. रोहितला हाक मारली तर आतून "भूक नाही" एवढंच आलं. यशोदाबाई सवयीनं त्याचं ताट उचलायला अर्ध्या उठल्या. हर्षाली नुसती पापड मोडत राहिली.

यशोदाबाई पुन्हा खाली बसल्या.

"येईल भूक लागली की," त्या म्हणाल्या आणि तुपाची वाटी सुनेकडे सरकवली. "तू घे आधी. आणि मला सांग, त्या आतल्या दालनात उजव्या हाताला जो बंद दरवाजा होता, तो आपण का नाही उघडला?"

"किल्ली नव्हती ना, आई."

"होती. त्या राक्षसाच्या ढिगाऱ्यात काहीतरी चमकत होतं. तुम्ही पोरं पुढे धावता, खाली कुणी बघत नाही."

हर्षाली घास तोंडात घेतानाच हसली आणि तिला ठसका लागला. यशोदाबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला. आतल्या खोलीचं दार किंचित किलकिलं झालं होतं. रोहित ऐकत होता, पण दोघींपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.