गेला का भुंगा?

सोलापूरकडच्या आमच्या वाशीच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून पिराजी ओव्हाळचं रेडिओ दुरुस्तीचं. मिलिटरीत बिनतारी यंत्रांवर काम करून आलेला माणूस. रेडिओ खोलायच्या आधी तो डोळे मिटून नुसता ऐकायचा आणि सांगायचा, "व्हॉल्व्ह गेलाय." बहुतेक वेळा तेच निघायचं.

बहात्तरच्या दुष्काळात रेडिओ यायचे बंद झाले. लोक सेलसुद्धा घेईनात, दुरुस्ती कोण करणार? पिराजी आणि त्याची बायको मथुराबाई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जाऊ लागली. एक दिवस तिथं पाच सुरुंग लावले होते. चार उडाले. सगळे उडाले असं समजून बायका पाट्या घेऊन पुढं सरकल्या. पिराजीनं मोजले होते. तो ओरडत त्यांना मागं लोटायला धावला आणि पाचवा उडाला. बायकांना खरचटलंही नाही. पिराजीच्या मात्र दोन्ही कानांतून रक्त आलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ऐकू येणार नाही.

पुढं पीकपाणी झालं तसं त्यानं दुकान पुन्हा उघडलं. आता मथुराबाई शेजारी बसायची. ती ईट गावची, चौथी शिकलेली. सावकाश बोललेलं तो ओठांवरून ओळखायला शिकला होता, बाकी गिऱ्हाईकाचं बोलणं ती पाटीवर लिहून दाखवायची. यंत्रात खरखर असली तर नखांनी टेबल खरवडायची, घुमत असलं तर तोंडासमोर मूठ फिरवायची. त्या घुमण्याला दोघं भुंगा म्हणायची. एकदा मी तिला म्हणालो, "बाई, चांगला कान हाय तुमचा."

"माझा कुठला, अप्पा," ती म्हणाली. "त्यांचाच हाय. म्या फकस्त संबाळते."

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आबाराव जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घेऊन आले. सभेत बोलणाऱ्यापेक्षा भुंगाच मोठा, अशी तक्रार. पिराजीनं आवाजाचं बटन पार खाली केलं आणि मथुराबाईकडं पाहिलं. तिची मूठ फिरतच होती.

"म्हंजी माइकचा दोष न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला. कान गेल्यापासून तो मोठ्यानंच बोलायचा. "पॉवर सप्लायचा कंडेन्सर वाळलाय."

त्यानं प्लग काढून स्वतःच्या मांडीखाली ठेवला, म्हणजे चुकून कुणी लावू नये. मला म्हणाला, "वीरभद्रअप्पा, प्लग काढला तरी ह्याच्या पोटात करंट राहतो. माणूस मारील इतका." मग एक हात पाठीमागं धरून, दुसऱ्या हातानं लाकडी दांडीला बांधलेला रेझिस्टन्स कंडेन्सरच्या दोन टोकांना लावला आणि साठलेला करंट उतरेपर्यंत तसाच धरून ठेवला. मीटरचा काटा शून्यावर आल्यावरच आत हात घातला.

सोलापूरहून तेवढ्याच व्होल्टचा कंडेन्सर मागवला, उलटसुलट बाजू पाहून बसवला. लाइन थेट न देता मधे बल्ब जोडला. बल्ब उजळून पुन्हा मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग त्यानं दुकानातला स्पीकर जोडून तळवा त्याच्या पडद्यावर ठेवला.

"हाताला लागंना. पर बारीक असला तर हाताला कळत न्हाय," तो म्हणाला. दोन दिवस वाकून त्याची मान आखडली होती, डोळे लाल झाले होते. त्यानं बायकोकडं पाहिलं. "गेला का भुंगा?"

मथुराबाई स्पीकरला कान लावून बराच वेळ बसली. मग तिनं मान डोलावली, गेला. पिराजी हसला. सुरुंगानंतर मी त्याला पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं.

आठवड्यानं आबाराव अँप्लिफायर परत घेऊन आले. भर सभेत तो तापला तसा घुमायला लागला होता. आबाराव रागावले नाहीत. उलट हसत मला म्हणाले, "बहिऱ्याला दिला, चूक आमचीच."

पिराजीनं त्यांचे ओठ वाचले. ते गेल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "तुला ऐकू आला न्हवता?"

तिनं पाटी घेतली नाही. त्याच्याकडं तोंड करून हळू म्हणाली, "आला हुता. बारीक हुता. तुमी लई दमला हुता."

त्यानं पुन्हा प्लग काढला, सगळं तसंच सावकाश केलं. शेजारचा दुसरा कंडेन्सरही वाळला होता, तो बदलला. अँप्लिफायर अर्धा तास तापू दिला आणि मला हाक मारली.

"अप्पा, तुमी ऐका."

मथुराबाई तिथंच होती. मी तिच्याकडं न बघता कान लावला. काहीच नव्हतं, अगदी स्वच्छ. मी तसं खुणेनं सांगितलं.

पुढच्या सभेला पिराजी गेला नाही. मथुराबाई मात्र चावडीपुढं उन्हात शेवटपर्यंत उभी राहिली. परत आली तेव्हा तो माझ्या मशीनजवळ पाठमोरा बसला होता.

"येक भुंगा न्हाय," ती म्हणाली. "समदं साफ ऐकू आलं."

त्याला कळायचं कारण नव्हतं. तिनं खांद्याला हात लावला. तो वळला, तसं तिनं पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"बरं," तो म्हणाला, आणि तिचे ओठ हलायच्या आत त्यानं मान फिरवली.

दिवाळीनंतर त्यानं दुकान सोडलं. सोसायटीच्या गोदामावर राखणदार म्हणून लागला. मथुराबाई रोज दुपारी भाकरी घेऊन जायची, आणि तो जेवून होईपर्यंत समोर गप्प बसून राहायची.